दारवाला

सामना तीन-दोनने गेला
आणि कपडे बदलायच्या खोलीत
खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं.
डोकी पुष्कळ होती, ओली, वाफाळलेली.

ओरेस्ट म्हणाला, टॅविश,
आपली माणसं दमून बाकाकडे वळली
की पक त्यांच्या मागच्या भिंतीवर नेऊन आपटायचा,
एवढंच तर काम.
तू निळ्या रेषेवर नक्षी काढत बसलास.

टॅविश म्हणाला, आणि हा लुसिएं?
पाऊण मिनिटात परतायचं असतं,
दीड मिनिट होता बर्फावर.
लुसिएं बुटाची नाडी सोडत होता. गाठ बसली होती.

कोडी म्हणाला, मी आधीच उतरलो असतो,
पण गेल्या शनिवारी सहावा माणूस उतरला, दोन मिनिटांची शिक्षा झाली,
तेव्हा कोण ओरडलं होतं,
आधीचा आत आल्याशिवाय पाय टाकायचा नाही म्हणून?
ओरेस्टने टोपी काढली, परत घातली.

मग कुणी म्हणालं, दुसऱ्या सत्राचाच दोष,
बाजू बदलतात, बाक आपल्या गोलापासून लांब पडतो.
कुणी म्हणालं, दक्षिणेच्या कोपऱ्यात बर्फ उतरता आहे.
तो आहेच उतरता, सगळ्या गावाला ठाऊक आहे,
पण नाचता येईना त्याचं अंगण
दोन्ही संघांना सारखंच वाकडं.

मला कुणी विचारलं नाही.

मी दुसरा गोलरक्षक.
म्हणजे पायांना उशांएवढे पॅड बांधून
मुखवटा कपाळावर सरकवून
बाकाच्या टोकाशी बसतो
आणि बचावातल्या गड्यांसाठी दार उघडतो, लावतो.
चार हिवाळ्यांत अकरा मिनिटं खेळलो.
दारं मोजली नाहीत.
कडी लोखंडी आहे, हातमोज्यातूनही बोटाला चावते,
पण अडकत नाही. ती सबब मला नाही.

लुसिएं येत होता. कमरेत वाकलेला,
काठी वर धरलेली, म्हणजे बदली द्या.
मी बघत नव्हतो.

मी गुन्नारचा गुडघा बघत होतो.
मिनिटभरापूर्वी पक आतल्या बाजूला लागला होता त्याला,
पॅड संपतो तिथे.
तो उठला होता, पण सावकाश,
आणि गोलाच्या खांबाला टेकून
तो पाय वाकतो का, बघत होता.
मीही बघत होतो, वाकतो का.
वाईट चिंतलं नाही मी. शप्पथ नाही.
फक्त तोंडात शब्द आला, आता माझी पाळी,
आणि तो मी गिळला नाही,
जरा घोळवला.

दारावर काठी दोनदा वाजली.

दोन सेकंद गेले असतील. कदाचित कमीच.
कडी ओढली, लुसिएं आत कोसळला,
कोडी माझ्या खांद्यावरून बाहेर झेपावला,
तोवर त्यांचे तिघे निघून गेले होते
आणि समोर आपला एक,
आणि गुन्नार,
त्याच गुडघ्यावर आडवा सरकत,
वीतभर कमी पडला.

सोमवारी खाणीत माझी पाळी सातची.
गाडी सुरू होईना, उणे चौतीस होतं,
सहाशे मीटर खाली पोचलो तेव्हा सात वाजून अकरा.
वर जाणारा पिंजरा सुटून गेला होता.
आमच्याकडे नियम आहे, बदली माणूस आल्याशिवाय
पंप सोडायचा नाही. पण अकरा मिनिटं!
कुणी सोडला असता तरी मी बोललो नसतो.

लुसिएं पंपाशी डबा उलटा घालून बसला होता.
उशीर झाला, मी म्हणालो.
आणखीही म्हणणार होतो, शनिवारचं,
वाक्य रस्त्यात तयार केलं होतं, गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

तो उठला.
पंपाच्या लोखंडावर मुठीने दोनदा ठोकलं,
ठक, ठक,
आणि माझ्या शेजारून निघून गेला.
हसला का, कळलं नाही.
त्याच्या कपाळावरचा दिवा
नेमका माझ्या डोळ्यांत.