पर्यायी स्रोत

अर्ज चौतीस पानांचा, एस्टोनियन भाषेत.
आईला ती भाषा बाजारापुरती येते:
किती, कसे दिले, सुटे नाहीत.
म्हणून मी वाचते, ती मासे उलटवते,
आणि आमच्या मधे अल्डरच्या लाकडाचा धूर.

प्रश्न सात. धुरीच्या खोलीचं तापमान?
ती दाराच्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू लावते.
"एवढं."
मी लिहिते पंच्याऐंशी अंश, मग खोडते.
मुस्तवेला जाऊन बावीस युरोंचा थर्मामीटर आणला,
तीन आठवडे रोज पाहिलं.
मनगट दोन अंशांपलीकडे कधी चुकलं नाही.
हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते मात्र सापडलं नाही.

प्रश्न एकोणीस. आवारात पाळीव प्राणी?
मांजर झिनोवीकाकांकडे पोचवलं. दोनदा परत आलं.
तिसऱ्यांदा काकाच घेऊन आले, काखेत धरून:
"रात्रभर तुमच्या घराकडे तोंड करून रडतं.
कागदाला सांगा, माझं आहे,
तुमच्याकडे नुसतं येतं-जातं."

मग तपासनीस आली, लेलो नावाची,
पांढरा कोट, बुटांवर पिशव्या, हातात टॉर्च.
लाकडी पाट बाद. काचेचा दिवा बाद.
खिडकीतला तो जुना तराजू? शोभेला ठेवा, आत नको.
आई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती,
जणू पाहुणी कुणाच्या तरी लग्नाची यादी वाचतेय.

दागिने, लेलो म्हणाली.
आईच्या गळ्यात तांब्याचा क्रूस आहे.
बाप्तिस्म्याच्या दिवशी घातला,
आंघोळीला नाही, बाळंतपणाला नाही,
एकदाही उतरलेला नाही.
मी हे सांगितलं. नियमात धातू म्हणजे धातू.
लेलोने पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
मग खिशातून चिकटपट्टी काढली, निळी,
(निळा मासा नसतो,
म्हणून पट्टी पडली तर लगेच दिसते)
आणि स्वतःच्या हाताने आईच्या छातीवर,
क्रूस झाकेल अशी, आडवी लावली.
"रोज एक. वहीत नोंद ठेवा."

जखमांच्या वहीत कारणाचा रकाना असतो.
फेओक्तिस्ता, सहा वाजून दहा मिनिटं, एक पट्टी.
कारण: जुनं.

प्रश्न एकतीस शेवटी राहिला होता.
पुरवठा खंडित झाल्यास पर्यायी स्रोत?
मी दोनदा वाचला, तिच्या भाषेत, सावकाश.
आई पहिल्यांदाच खाली बसली.
खिडकीतून तळं दिसतं, पलीकडचा काठ दिसत नाही.
"दुसरं तळं?" तिने विचारलं.
आणि हसली, एप्रनने डोळे पुसावे लागेपर्यंत.
मग गप्प झाली. सांगायला लागली,
ज्या वर्षी ब्रीम आलाच नाही,
जाळी कोरडीच्या कोरडी वर आली,
तेव्हा आजोबांनी वाफ्यातला कांदा वेण्या बांधून
सायकलवर तार्तूपर्यंत नेला होता.
"लिही, कांदा."
मी लिहिलं: उपलब्ध.

मान्यता आली फेब्रुवारीत, तळं गोठलेलं असताना.
एक पुरवठादार क्रमांक, दोनशे तीस दुकानं,
आणि पहिली मागणी, जिचा आकडा आईने
बोटावर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडला.
हमरस्त्यावरचं आमचं बाक तिने काढलं नाही.
शुक्रवारी लाकडाच्या ट्रकवाला थांबतो,
त्याला वाकडे मासे आवडतात,
आणि वाकडे आता दुकानाला चालत नाहीत.

दर घाण्यातला एक मासा
तक्रारीसाठी राखून ठेवायचा असतो,
नव्वद दिवस, फ्रीझरमध्ये, तारखेसकट.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.
एक्क्याण्णवाव्या दिवशी आई दार उघडते,
पायरीवर झिनोवीकाकांचं मांजर
आधीच येऊन बसलेलं असतं.