रिसीव्हर खाली ठेवा

डबा साबणाच्या वडीएवढा.
चार दिवे, त्यातला एक सारखा डोळा मारतो.
इरफान म्हणाला, मावशी, याला ॲडॅप्टर म्हणतात.
म्हटलं, नाव राहू दे, काम सांग.

काम असं:
रूथनं मस्कतहून एक रिंग द्यायची आणि कट करायचा.
यानं उचलायचं नाही.
नंबर ओळखायचा, दम धरायचा,
मग आपणहून तिला उलटा फोन लावायचा,
तिनं उचलला की इकडं माझी घंटा.
तिचं बिल शून्य. आपले मिनिटाला चार पैसे.

मला हसू आलं.
त्याला वाटलं, म्हातारीला कळलं नाही.

अरे बाबा, हेच तर केलं मी
एकतीस वर्षं, मिरजेच्या एक्स्चेंजमध्ये,
कानाला हेडफोन, मांडीवर अर्धा स्वेटर:
"नंबर सांगा. रिसीव्हर खाली ठेवा.
लागला की मी करते."
लोक ठेवायचे खाली.
हळदीचे अडते, मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर,
आणि एक बाई, दर शनिवारी बेळगावचा नंबर मागणारी,
जिचं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
खाली ठेवून तिथंच बसायचे सगळे,
फोनकडं बघत.

इरफान सतारमेकरांच्या गल्लीतला.
आजोबा भोपळे निवडायचे, हा राउटर निवडतो.
डायल टोन ऐकला आणि तोंड वाकडं केलं,
"हा परदेशी आहे.
दोन सूर एकमेकांना घासतायत."
कुठल्याशा पानावर जाऊन देश बदलला, भारत केला,
पुन्हा कानाला लावला.
"पांढरी पाच. किंचित चढी."
तेव्हा कुठं पुढच्या कामाला हात घातला.

पुढं नुसत्या चौकटी.
कुणाला परत फोन करायचा?
शून्य शून्य नऊ सहा आठ, पुढं तिचा. एवढा एकच.
बाकी कुणी दिवसभर रिंगा देऊ देत.
किती सेकंद थांबायचं?
इरफान म्हणाला, दोन.
मी म्हटलं, सहा घाल,
घाईत एंगेज लागतो, मला विचार.
त्यानं सहा घातले. पैसे घेतले नाहीत.
चहात बुडवून तीन बटर मात्र खाल्ली.

पहिल्या दिवशी डब्यानं स्वतःलाच फोन लावला
आणि स्वतःच बिझी निघाला.
इरफान दोनदा येऊन गेला. मग लागलं सगळं नीट,
रोज सकाळी साडेआठला, भाजी काय केलीस, पगार झाला का.

काल रात्री पावणेतीनला वाजला.
म्हणजे तिकडं सव्वा. म्हणजे नाइट ड्युटी.
उचलला तर रूथ नाही,
रूथच्या आजूबाजूचं सगळं:
कसलंसं मशीन एका लयीत टिकटिक करतंय,
चाकांची गाडी गेली,
कुणीतरी अरबीत काही मागितलं,
पाणीच असणार.
मग ती.
"अगं, चुकून दाबला गेला."

दुसऱ्यांचे श्वास ऐकायचे नसतात, नियम आहे.
ऐकलेत मी. एकतीस वर्षं.
चुकून दाबलेल्या बोटाचा श्वास असा नसतो.

काही विचारलं नाही.
जेवलीस का नाही, कोण गेलं नाही.
घड्याळाकडं बघत बसले.
तिकडं गाडी परत आली,
आता रिकामी असावी, चाकं वेगळी वाजत होती.

डब्याला तीन मिनिटांचं काही ठाऊक नाही,
त्याच्यात ती चौकटच नाही.
माझ्याच तोंडून गेलं, ड्युटीवरच्या आवाजात,
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"

बराच वेळ काही नाही.
डब्याचा दिवा तेवढा डोळा मारत होता.
मग मस्कतहून,
नाक ओढत:
"वाढव."