दोन खणांचा डबा

राजारामपुरीत, जिन्याखालच्या दुकानात
इर्शाद बागवान विचारतो,
ताई, दोन खणांचा देऊ की चार?
खण म्हटलं की मला ओटीचाच आठवतो,
हिरवा, नारळाखाली घडी घातलेला.
हा काळा आहे. चपलांच्या खोक्याएवढा.
कानाशी धरला तर आत पंखा,
कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपल्यासारखा.

वहीत लिहून आणलंय मी सगळं.
अप्पांच्या कॅसेटी एकसष्ट,
त्यातल्या बुरशी न लागलेल्या चव्वेचाळीस,
तीन मोबाइल,
शैलूच्या लग्नाचा पेनड्राइव्ह,
जो मिठाच्या बरणीमागं सापडला.
कॅसेटींत बहुतेक फुटबॉलच.
पेठेविरुद्ध पेठ, मार्चचं ऊन,
आणि ऐन गोलाच्या वेळी कॅमेरा आभाळात,
कारण उड्या मारणाऱ्यांत अप्पाही असायचे.

इर्शाद मला समजावतो, माझ्याकडं बघून.
आधीच्या दोन दुकानांत
हेच सगळं भाऊजींकडं बघून समजावलं होतं,
आणि भाऊजी मान हलवत होते.

दोन डिस्क टाका, तो म्हणतो.
एकीवर जे लिहाल ते दुसरी लगेच लिहून घेते.
एक गेली तर दुसरी चालू राहते,
तुम्हाला कळतसुद्धा नाही.

आमच्याकडं कळलं.
विम्याच्या पावत्या कुठल्या डब्यात,
दूधवाल्याचे किती राहिले,
गॅसचा नंबर कुणाच्या नावावर,
आई सगळं डोक्यात ठेवायची
आणि अप्पांनी तीस वर्षांत
त्यातलं एक अक्षर उतरवून घेतलं नव्हतं.

पण हा बॅकअप नव्हं बरं का, ताई.
चुकून पुसलासा तर दोन्हीकडचं पुसतंय.
तिसरी कॉपी घराबाहेर पाहिजे.
घराबाहेर म्हणजे पाण्याबाहेर,
हे आमच्या गल्लीत फोडून सांगावं लागत नाही.
एकोणीस साली नदी कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आली.
तिथं जुनी हार्डडिस्क होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
पाणी उतरल्यावर पिशवीची गाठ
जशी मारली होती तशीच होती.
आत पाणी.

चार खणांचा परवडत नाही.
दोन खणांचा घेते, चार-चार टीबीच्या दोन डिस्क,
लाइट गेली तर दहा मिनिटं धीर धरणारा यूपीएस,
आणि एक सुटी डिस्क गडहिंग्लजला, शैलूकडं.
ती एसटीनं जाईल, चिवड्याच्या डब्यात.
वायफायवर अडकंल, इर्शाद बजावतो,
वायरच वढा.
वायर खिडकीतून ओढली, माळ्यापर्यंत.
पाल आडवी आली तेवढंच.

पहिल्या रात्री फोल्डरला नाव मागितलं.
मी तसंच ठेवलं, रिकामं,
आणि टीव्हीवर अठ्ठ्याण्णवची मॅच लावली.
कोपऱ्यातून फ्रीकिक. धूळ. कुणाची तरी शिट्टी.
मग कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून,
धापा टाकत:
भाकरी करून आलो बाई, झाला व्हय गोल?

आलो.
आई असंच बोलायची, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं.
गेलो, जेवलो, दमलो.
पुण्याच्या हॉस्टेलवर मुली हसल्या,
तेव्हापासून मी आले, गेले, जेवले,
आणि एकदा सुट्टीत तिलाही सुधारलं होतं.
ती हसली होती. बरं, आले, म्हणाली होती.
ते कुठल्या कॅसेटीत नाही.

फोल्डरचं नाव मी 'आलो' ठेवलं.

अप्पा खुर्ची पुढं ओढतात.
अजून किती मावंल यात?
शंभरातले सहा भाग भरलेत, सांगते.
बोटांवर काहीतरी मोजत राहतात,
मग रिमोट माझ्या हातात देतात.
जरा मागं घे.
गोल नको.
त्याच्या अलीकडचं.