शून्य काम

माझा बाप, वेंदेलिन,
दर शनिवारी मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी द्यायचा.
एकशे बारा पायऱ्या, मग हँडलचे दीडशे फेरे,
आणि ऐंशी किलोचं बिडाचं वजन
नऊ मीटर वर.
पुढे आठवडाभर ते उतरत राही,
कुणाच्या नजरेत न येता.

मी खाली, गावच्या शाळेत, भौतिकशास्त्र शिकवते.
फळ्यावर लिहिते: काम म्हणजे बल गुणिले विस्थापन.
भिंत ढकलली, भिंत हलली नाही, तर काम शून्य.
पोरं दरवर्षी हसतात.

एकदा जेवताना हे त्याला सांगून बसले.
ज्या हिवाळ्यात खिटी तुटली,
त्याने हँडल खांद्याने रेटून धरलं होतं
लोहार येईपर्यंत, पाऊण तास.
खाली घंटेच्या दोराशी झुझाना उभी होती, सात महिन्यांची गरोदर.
"किती हललं हँडल?" मी विचारलं.
"हलू दिलं नाही, म्हणून तर..."
"मग शून्य."
कोबीचं सूप तसंच टाकून तो उठला.
ईस्टरपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

मंगळवारी गेला. एक बूट घातलेला, एक हातात.
धर्मगुरू म्हणाले, घड्याळ थांबवू या, तशी रीत आहे.
मी म्हटलं, राहू द्या. अजून शिल्लक आहे.
गुरुवारी पेटी उचलली तेव्हा काटे अकरावर होते,
त्यानेच नेऊन ठेवल्यासारखे.

मातीहून परतल्यावर, सवयीने, हिशेब मांडला.
ऐंशी गुणिले दहा गुणिले नऊ:
सात हजार दोनशे ज्यूल.
राईच्या पावाच्या एका घासात याहून कितीतरी जास्त असतात.
एवढ्याशावर अख्खं गाव
बेकरी उघडत होतं, कोशित्सेची बस पकडत होतं,
भांडायलासुद्धा वेळेवर येत होतं.
बाकीचा घास कुठे गेला, बाबा?
गुडघ्यांत, धापेत, पायऱ्यांवर,
दातेरी चाकांच्या कोमट तेलात.
हरवत नाही म्हणतात. सापडतही नाही.

शनिवारी मी वर गेले.
वजन जमिनीपासून वीतभर.
दीडशे फेऱ्यांतले साठ झाले,
मग खिटी उचलून धरली
आणि हँडल खांद्यावर घेतलं.
नुसतंच. न हलवता.

शून्य, मी मोठ्याने म्हटलं.
खाली कबुतरं उडाली.
खांदा थरथरायला लागला,
मानेवरून घाम उतरला,
आणि अजून
पाच मिनिटंही झाली नव्हती.