एक जानेवारीचा उन्हाळा

कंपनीतल्या गांगुर्डेनं विकला मला हा कॅमेरा
बाराशेला, पट्ट्यासकट.
आठ सेल लागतात, म्हणाला,
तारीख तेवढी लावून घे.
राहून गेली.

सातपूरला महिनाभर नाइट.
मी तिथे मायक्रॉनमध्ये रिंगा तपासतो
आणि इथे मखमलाबादला, घरामागे,
शेवग्याच्या बुंध्याला बांधलेला तो
माझ्या वाटणीचं जागतो.
सकाळी आल्या आल्या कार्ड काढायला जातो.
सुषमा म्हणते, आधी पाय धू.

चौऱ्याहत्तर फोटो.
साठ तर शेवग्याच्याच फांदीचे, वाऱ्यानं हललेल्या.
दोन सुषमाचे, कुरडयांवर कापड टाकताना;
एकात ती थेट बघते,
लग्नाच्या अल्बममध्येही अशी बघितलेली नाही.
मुंगसाचं शेपूट. नुसतं शेपूट.
घमेल्यावर सातभाई, मोजले तर सहा.
घूस. पुन्हा तीच घूस.
मग एक बेडूक, पाण्यात गळ्यापर्यंत,
अकरापासून एकपर्यंत,
रामकुंडात उतरून
निघायचं विसरलेल्या माणसासारखा.

प्रत्येकाखाली काळी पट्टी:
एक जानेवारी २०१५, ४१ अंश.
सेल बदलले की पुन्हा एक जानेवारी.

शिफ्टला सगळे एकच विचारतात,
बिबट्या आला का?
बेडूक आला, म्हणतो मी.

आणि मग ते उदमांजर.
पहाटे दोन बावन्न.
कंपाउंडवरून उतरलं, सरळ चाललं,
आणि मोकळ्या जागेत, जिथे काहीच नाही,
काटकोनात वळलं.
थोडं जाऊन पुन्हा वळलं, आलं तसं परत.
दुसऱ्या रात्री तेच.
तिसऱ्या रात्री वाटेत कपड्यांच्या दोरीचा खांब;
त्यापाशी थांबून
बराच वेळ हुंगत राहिलं,
चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखं.

मी टेप घेऊन गेलो. सवय.
एका वळणापासून दुसरं: नऊ फूट.

पिंगळेदादांची बाग होती इथे, प्लॉट पडायच्या आधी.
टपरीवर भेटले, तेव्हा विचारलं,
दोन ओळींत किती ठेवायचा तुम्ही?
नऊ, म्हणाले. चहा बशीत ओतला.
तुमच्या किचनच्या ओट्यापाशी
शेवटचा अँगल होता.
पुढे काही बोलले नाहीत.
मीही सांगितलं नाही
की अजून कुणीतरी येतं बागेत.

एक जानेवारी २०१५.
तेव्हा हे घर नव्हतं.
तारा होत्या, घडांत पाणी भरायला लागलेलं,
आणि ओळीओळीनं, तळाचे मणी हुंगत
हेच चालत असेल,
किंवा याची आई.

गांगुर्डे विचारतो, लावलीस का तारीख?
बघू, म्हणतो.

काल उठलो दुपारी, तर
दोरीचा खांब दीड फूट डावीकडे.
ओल्या मातीत नवा खड्डा,
भोवती सुषमाच्या चपलेचे ठसे.
का, ते मी विचारलं नाही.
घमेलं भरलं, सेल बदलले,
आणि डबा घेऊन निघालो.