पिन

उद्यमनगरात, बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत
साडेसातला माझा वर्ग भरतो.
खालचे लेथ थांबलेले असतात,
पण तेलाचा वास जिना चढून येतो
आणि शेवटच्या बाकावर बसतो, सर्जेराव पोवारांशेजारी.

फळ्यावर लिहिलं: टू नो दॅट. टू होप दॅट. टू फरगेट दॅट.
म्हटलं, हे क्रियापद बघा, याला कर्ता नाही.
काळ नाही. काल की आज की परवा, सांगत नाही.
नुसतंच जाणणं. नुसतंच विसरणं.
कुणाचं? विचारू नका.
पण याच्यामागं एक अख्खं वाक्य येतं
आणि त्याला कर्ता लागतोच, काळ लागतोच.

कुणाला कळलं नाही.
नर्सिंगच्या शुभदा कारंडेनं मान हलवली, ती नेहमीच हलवते.
मग मी खडूनं ट्रॅक्टर काढला. वाकडा.
कागलचा रस्ता, गळिताचे दिवस.
इंजिनावर ड्रायव्हर नाही, नंबरप्लेट नाही,
मागची ट्रॉली मात्र गच्च,
उसाचं वाडं लोंबत रस्ता झाडतंय.
आपल्या बोलण्यात बहुतेकदा उलटं, म्हटलं:
ती रागावली होती हे विसरणं.
आधी ओझं दिसतं,
इंजिन पार शेवटी.

वर्ग हसला. सर्जेराव हसले नाहीत.
सात हंगाम त्यांनी कारखान्याला ऊस ओढलाय,
आता पोलंडला ट्रेलर चालवायला जायचं, म्हणून इंग्रजी.
"बिनड्रायव्हरचं इंजान चालत न्हाई, मॅडम."
इंग्रजीत चालतं, मी म्हटलं.
"आन् हे दॅट?"
ही पिन. हुकातली.
कधीकधी काढली तरी चालते,
टू होप दॅट यू आर वेल, टू होप यू आर वेल,
ट्रॉली येतेच मागनं.

ते बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले.
"आमच्यात पिन काढली का ट्रॉली रस्त्यावरच ऱ्हाती," म्हणाले.
"आन् रात्रीचं
मागनं येणाऱ्याला दिसत न्हाई."

मी घड्याळ बघितलं. घरचा अभ्यास सांगितला:
टू ॲडमिट दॅट,
पुढं प्रत्येकानं आपापलं.

सोमवारी वह्या आल्या.
शुभदानं कबूल केलं की ती दमलीय.
सुभाषनगरच्या ओंकार सातपुतेनं कबूल केलं
की दुकानातली निम्मी चप्पल मशीनवर शिवलेली आहे.
मी खाली टिक केली
आणि टेबलाखालच्या माझ्या पायांकडं बघितलं.

सर्जेरावांची वही सगळ्यात खाली.
कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा,
पानभर खाडाखोड, आणि एकच ओळ राहिलेली:
टू ॲडमिट दॅट दॅट ट्रॉली वॉज माइन.

दोनदा पडलंय, वाटलं.
पेन एका दॅटवर आडवं टेकलंसुद्धा.
मग दिसलं.
पहिली पिन.
दुसरं बोट.
की, ती.
की ती ट्रॉली माझी होती.
कुठली ती, कुठल्या वळणावरची,
मागनं कोण येत होतं,
वहीत नाही.
नियमानं एक दॅट काढता आलं असतं.
मी काढलं नाही.

सगळे गेले तरी ते जिन्याशी उभे.
वही हातात घेतली, उघडली नाही.
"बरोबर हाय न्हवं?"
व्याकरण बरोबर आहे, मी म्हटलं.
दोन पायऱ्या उतरले, वळले.
खाली कुणीतरी शटर ओढत होतं, तो आवाज संपेपर्यंत थांबले.
"तेवढं सांगा, मॅडम.
हितं वॉज बरं
का इज?"