अकरा पौंडांचा सोफा

मँचेस्टरहून व्हॅन आली तेव्हा गल्लीभर पडदे हलले.
टीव्हीवाल्यांना रॉचडेलमधला अस्सल सोफा हवा होता,
कामगाराच्या घरातला, बसून बसून खोलगट झालेला.
आमचा त्यांना पाहताक्षणी आवडला:
शेवाळी रंग, एका हातावर इस्त्रीचा डाग,
आणि मागच्या तुटक्या पायाच्या जागी
गिरणीतला लाकडी बॉबिन, बापाने ठोकलेला.

'इतकं खरं आम्हाला बनवताच आलं नसतं,'
वहीवाला माणूस म्हणाला.
ही स्तुती की आणखी काही
आईला ठरवता येईना, म्हणून तिने चहा टाकला.
जाता जाता त्याने विचारलं, गिरणी बंद पडली म्हणे?
'बंद कुठली,' बाप म्हणाला, 'जरा डोळा लागलाय तिचा.
आम्ही सहाशे जण बूट हातात घेऊन बाहेर आलो,
झोपमोड नको म्हणून.'
माणूस हसला. वहीत काहीतरी लिहिलं.
आम्हाला वाटलं, पावती.

अकरा पौंड.
त्यातून कोळसा आला, ट्रेव्हरचे बूट आले,
उरलेल्याचा हिशेब आईला कधीच लागला नाही.

मग दर गुरुवारी साडेआठला
ब्लॅकपूलच्या वाळूसाठी घेतलेल्या घडीच्या खुर्च्या मांडून
आम्ही चौघं पुढच्या खोलीत ओळीने बसायचो,
समुद्र बघावा तसा आमचाच सोफा बघत.
त्यावर दुसरंच कुटुंब असायचं.
त्यांचा जिना वर कुठेच जात नाही, हे ट्रेव्हरने ओळखलं.
त्यांच्या घराला चौथी भिंत नव्हती
आणि तिथूनच ते हसू यायचं,
दोनशेएक माणसांचं, ज्यांची तोंडं कधी दिसली नाहीत.

'त्या बाजूला नको गं बये,' आई पुटपुटायची,
'स्प्रिंग टोचेल.'
दुसऱ्याच आठवड्यात तो जाडा नट
पेपर उघडून बसला आणि किंचाळत उठला.
कागदावर नसलेलं किंचाळणं ते. लोक लोळले.
आई ओरडली, 'माझी सुई!
दोन वर्षं शोधतेय मी, रफूची, मोठ्या नेढ्याची!'
आणि टीव्हीपुढे हात पसरला, जणू तो परतच देणार होता.
टीव्हीही आमचा नव्हता म्हणा. भाड्याचा,
पाठीला पेटी. नाणं टाका, चित्र बघा.

पाचव्या आठवड्यात जाड्या सोफ्यावर रेलला,
बायकोला म्हणाला, 'बंद कुठली? जरा डोळा लागलाय तिचा.'
आणि पुढचं सगळं. बूटसुद्धा.
कोळशाची गाडी रिकामी करावी तसं हसू कोसळलं.
बापाकडे बघायची आमची कुणाची हिंमत होईना.
तो हळूच म्हणाला, 'थांबला नाही.
"बाहेर आलो"नंतर जरा थांबायचं असतं.'

तेवढ्यात नाणं संपलं.
चित्र आकसून ठिपका झालं, ठिपकाही गेला.
बापाचा हात सवयीने खुर्चीच्या कडेला गेला,
फटीत पडलेलं एखादं नाणं चाचपायला.
कॅनव्हास. दांडी.
फट तिकडे होती, मँचेस्टरच्या झगझगाटात,
आणि कुणास ठाऊक आमची किती चिल्लर तिच्यात.

काळ्या काचेत आम्ही चौघं दिसत होतो,
भर हिवाळ्यात सहलीला आल्यासारखे.
'बोल की, क्लिफ,' आई अंधारात म्हणाली.
'तू बोल. नीट थांबून.'

बाप खाकरला.
बंद कुठली, म्हणाला. जरा डोळा लागलाय तिचा.
आम्ही सहाशे जण, म्हणाला, बूट हातात घेऊन बाहेर आलो.
आणि थांबला.
इतका, की शेगडीतला कोळसा खचल्याचं ऐकू आलं.
'झोपमोड नको म्हणून.'

आम्ही हसायच्या आत भिंतीपलीकडून,
मिसेस क्रॉम्प्टनच्या टीव्हीतून, ती दोनशे माणसं हसली.
कशाला, ते आम्हाला कधीच कळलं नाही.
बापाने डोक्यावर नसलेली टोपी उचलून
भिंतीला सलाम केला.
मग ट्रेव्हरला म्हणाला, पळ,
तिच्याकडून एक नाणं उसनं आण.